दारावरचा ओरखडा

आमच्या धर्मग्रामाला एक पांढरी गाडी आहे. कागदोपत्री ती आमच्या स्वाधीन असली, तरी सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून लोकांनी ती घेऊन दिली, म्हणून ती गावाचीच म्हणावयाची. इंदूर येथून दोन तासांच्या वाटेवर आहे. अडलेल्या बाळंतिणीला अपरात्री इस्पितळात न्यावयाचे झाले की आमच्या दारावर थाप पडते. मुलांच्या परीक्षांपासून म्हाताऱ्यांच्या डोळ्यांपर्यंत सारी कामे त्या एका गाडीवर चालतात.

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात एका मुलाच्या सायकलीचे पायडल तिच्या मागच्या दाराला, अगदी खालच्या कडेला, घासले. वीतभर ओरखडा उठला आणि त्यात लोखंड उघडे पडले. मुलगा स्वतः होऊन आमच्याकडे आला. हातात लाल नखरंगाची इवलीशी बाटली होती. हा रंग लावून ओरखडा बुजवू का, असे त्याने भीत भीत विचारले. आम्हांस हसू आवरेना. पांढऱ्या गाडीला कुंकू लावतोस की काय, असे म्हणून आम्ही त्याला खेळावयास पिटाळले. धर्मगुरूने गाडीच्या चकाकीत मन गुंतवू नये, असे त्या वेळी आमचे मत होते. आपल्या औदार्याचे आम्हांस थोडेसे कौतुकही वाटले, ते आता कशाला लपवा?

पहिला पावसाळा गेला तेव्हा ओरखडा तपकिरी झाला होता. नंतर शेजारचा रंग फोडासारखा फुगला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एके दिवशी गाडी पुसत असता आमचे बोट पत्र्यातून आरपार गेले.

इंदूरमध्ये धार रस्त्यावर एक वृद्ध डेंटर-पेंटर आहेत. घराणे पिढ्यान्‌पिढ्या इंदुरातले. बोलणे मराठी, पण काचकागदाला ते रेगमाल म्हणतात. त्यांनी दाराखालच्या कडेवर काडी फिरवून पाहिली आणि म्हणाले, "फादर, दोन्हीकडून खाल्लंय. बाहेरून ओरखडा, आणि आतलं पाणी निघायची ही भोकं चिखलानं बंद. गाडी आठ दिवस ठेवून जा."

त्या आठ दिवसांत आमच्या गावच्या एका आजीला धाप लागली. भाड्याच्या जीपमधून तिला इंदुरास आणावे लागले आणि ते भाडे तिच्या मुलाने उसने काढले. आजी बरी होऊन घरी आली. भाडे आम्ही देऊ केले. त्याने घेतले नाही. दाराचा खर्च मात्र लोकांच्याच पैशांतून गेला.

त्याच आठवड्यात कामानिमित्त आम्ही बसने धारला गेलो. इंदूरपासून साठेक किलोमीटर. तेथे लाट मशिदीच्या आवारात एका प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. मशीद 1405 सालची. स्तंभ तिच्याहून जुना, परंपरेने राजा भोजाच्या काळचा म्हणजे अकराव्या शतकातला मानला जातो. तिन्ही तुकडे मिळून लांबी सुमारे 13 मीटर, वजन सुमारे 7 टन. शतकानुशतके ऊनपाऊस खाऊन ते लोखंड अजून धडधाकट आहे, आणि आमचे दार दोन पावसाळ्यांत गेले! आम्ही बराच वेळ तेथे उभे राहिलो.

याचे कारण कानपूरच्या आय.आय.टी.मधील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यासून सांगितले आहे. कोळशाच्या भट्टीत तयार झालेल्या त्या जुन्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच असते. त्यामुळे गंजाचाच एक घट्ट, पातळ थर पृष्ठभागावर बसतो आणि आतल्या धातूला राखतो. गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. तो साच्यात दाबून वळवावा लागतो, आणि फॉस्फरसने लोखंड ठिसूळ होते, म्हणून ते त्यात फारसे ठेवीत नाहीत. अशा पत्र्याचा गंज सच्छिद्र असतो. तो पाणी व हवा आत जाऊ देतो, मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि भोवतालचा रंग खालून उचलतो. पत्र्याचे रक्षण काय ते रंगाने करावयाचे, आणि गाडीवरचे सारे थर मिळून बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे! जस्ताचा मुलामा असला तर तो काही काळ झीज सोसतो, एवढेच.

गाडी आणावयास गेलो तेव्हा त्या वृद्ध कारागिराने आम्हांस समोर बसवून धडा दिला. ओरखड्यावर आडवे नख फिरवावे. नख अडकले नाही तर वरची पारदर्शक लकाकी तेवढी घासली गेली आहे, पॉलिशने भागते. अडकले आणि आत धातू दिसला तर दिवस मोजू नयेत. जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तपकिरी डाग असेल तर तो बारीक काचकागदाने चकचकीत धातू लागेपर्यंत काढावा. कणभर गंज राहिला तर तो रंगाखाली वाढतच राहतो. मग स्पिरिटने पुसून, काडीच्या टोकाने प्रायमरचा पातळ थर. तो वाळला की रंगाचे दोन-तीन पातळ थर, प्रत्येक वाळू देऊन. शेवटी लकाकीचा थर. रंगाचा क्रमांक बहुधा गाडीवरच्या पट्टीवर असतो. तापलेल्या पत्र्यावर किंवा पावसाळी हवेत हे काम करू नये. सायकल, ट्रॅक्टर, खिडकीचे गज यांनाही हाच नियम, आणि समुद्रकाठच्या वाचकांना तर खारा वारा सवडच देत नाही.

निघताना आम्ही नखरंगाची गोष्ट हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. "लावू द्यायचं होतं," ते म्हणाले. "कोरडं करून लावलं असतं तर एक पावसाळा पाणी थांबलं असतं. तेवढ्यात तुम्ही इकडे आला असता."

गावी परतल्यावर त्या मुलाला बोलावून घेतले. आता तो नववीत आहे. कारागिराचे म्हणणे आम्ही त्याला जसेच्या तसे सांगितले आणि त्या दिवशी हसलो याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. पांढऱ्या रंगाची लहान बाटली आणि काचकागद आता गाडीतच असतात. दर जूनआधी दाराच्या कडा आणि खालची भोके तपासावयाचे काम त्याने मागून घेतले आहे. जाताना दारात थांबून तो म्हणाला की ती नखरंगाची बाटली ताईची होती, आणि न विचारता नेली म्हणून त्या दिवशी घरी त्याला मारही बसला होता.