दोन तपासण्यांच्या मधले दिवस

सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचं हृदय पडद्यावर लुकलुकताना दिसलं. डॉक्टरांनी ठोके मोजले, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या आणि पुढची तारीख लिहून दिली. चार आठवड्यांनंतरची. नवरा खुशीत होता, घरी जाताना पेढे घेऊ या म्हणाला. माझी नजर त्या तारखेवर होती. तोवर आत काय चाललंय हे मला कोण सांगणार होतं?

आदल्या वर्षीही दिवस गेले होते आणि तेव्हाही ठोके दिसले होते. पुढच्या सोनोग्राफीला मात्र डॉक्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. हृदय बंद पडून काही दिवस झाले होते. ना पोटात दुखलं होतं, ना डाग दिसला होता. मळमळ तर त्या दिवशी सकाळीही होती. याला मिस्ड मिसकॅरेज म्हणतात. कळून आलेल्या गर्भारपणांपैकी साधारण १० ते १५ टक्के गर्भपातात संपतात, त्यातले बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत, आणि जवळजवळ निम्म्या वेळा दोष गर्भाच्या गुणसूत्रांत असतो. आई जिना चढली किंवा तिने पपई खाल्ली म्हणून हे होत नाही. हे मी सगळं वाचलं होतं आणि मला ते पटलंही होतं. तरी एकदा असं झालं की मळमळीवर विश्वास राहत नाही, बऱ्या वाटण्यावरही राहत नाही.

माझं माहेर नांदेडचं, सासर हैदराबादच्या गौलीगुड्यातलं. राममंदिराजवळच्या एका गल्लीत आमचं जुनं घर आहे. खाली बेगम बाजारातल्या एका व्यापाऱ्याचं गोदाम, वर एका गॅलरीत तीन बिऱ्हाडं, एक तेलुगू, एक मारवाडी आणि आम्ही. इथे कुणाच्या घरी आज काय शिजलं हे सगळ्यांना कळतं. अशा घरात मी तीन महिने उलट्या लपवल्या. सासूबाईंचा आग्रह होता, तीन महिने भरेपर्यंत वाच्यता नको. त्यामागे माया होती, दृष्ट लागण्याची भीती होती, आणि काही बिनसलंच तर दहा जणींना उत्तरं द्यावी लागू नयेत हा व्यवहारही होता. पण पहिल्या वेळी मी या गप्प राहण्याचा दुसरा अर्थ अनुभवला होता. दिवस गेल्याचंच कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे गर्भ गेल्याचंही कुणाला सांगता आलं नाही. शेजारच्या अक्कांनी दोन दिवस मी गॅलरीत दिसले नाही म्हणून चौकशी केली, तेव्हा सासूबाईंनी ताप आहे म्हणून सांगितलं. मी आतून ऐकत होते. एरवी त्या अक्का माझ्याजवळ बसून राहिल्या असत्या, एवढी मला खात्री आहे.

म्हणून या वेळी मी घरी ठोके ऐकायचं यंत्र मागवलं. फीटल डॉप्लर. दोन-तीन हजारांत मिळतं. मागवताना कुणी डॉक्टरांची चिठ्ठी विचारली नाही. खोक्यात हातात मावेल एवढं यंत्र, वायर लावलेला एक प्रोब, हेडफोन आणि जेलीची छोटी बाटली. डॉप्लर हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचं नाव. १८४२ साली प्राग इथे त्याने जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल एक निबंध वाचला. लाट पाठवणारा किंवा परतवणारा जवळ येत असेल तर तिची वारंवारता वाढते आणि लांब जात असेल तर घटते, हे त्याचं म्हणणं. प्रोबमधून निघणाऱ्या लाटा दोन-तीन मेगाहर्ट्झच्या असतात, माणसाच्या कानाच्या पलीकडच्या. हलणाऱ्या हृदयावर आपटून त्या परततात तेव्हा त्यांच्यात काहीशे हर्ट्झपर्यंतचा फरक पडतो, आणि हा फरक कानाला ऐकू येण्याजोगा असतो. यंत्र तोच ऐकवतं. म्हणजे आपण ऐकतो तो हृदयाचा मूळ आवाज नव्हे, हालचालीपासून यंत्राने तयार केलेला आवाज. हे कळल्यावर मला वाईट वाटलं नाही. हालचाल असल्याशिवाय आवाज नाही, एवढं मला पुरेसं होतं.

पहिले अनेक दिवस काहीच ऐकू आलं नाही. रात्री घर निजल्यावर मी लाइट न लावता जेली लावून बसायची. बेंबीच्या खाली, ओटीपोटाच्या हाडाच्या अगदी वर प्रोब टेकवायचा, थोडा तिरका करायचा, हळूहळू सरकवायचा. खरखर, सूं सूं, मधेच गॅसचा गुडगुडाट. अफजलगंजकडे माल उतरवणाऱ्या ट्रकांचा आवाज हेडफोनमधूनही आत यायचा. हनुमान जयंतीला तर आमच्या राममंदिरापासूनच मिरवणूक निघते, ती थेट सिकंदराबादच्या ताडबंद हनुमान मंदिरापर्यंत जाते. त्या दिवशी खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या आणि मी प्रोब पोटावर दाबून बसले होते.

एकदा ठोका सापडला. पडद्यावर आकडा होता ८४. दुसऱ्या हाताची बोटं मी स्वतःच्या मनगटावर ठेवली होती. दोन्हींची लय एकच होती. ती माझी नाडी होती. गर्भाशयाकडे जाणाऱ्या माझ्याच रक्ताचा आवाज यंत्र तितक्याच इमानाने ऐकवतं, कुणाचा आहे हे ते सांगत नाही. नवव्या-दहाव्या आठवड्यात गर्भाचे ठोके मिनिटाला १७० च्या आसपास जातात, मग उतरत उतरत ११० ते १६० मध्ये स्थिरावतात. पण घाबरलेल्या आईची नाडी १२० झाली तर? मनगट न धरता आकडा वाचणाऱ्या कितीजणी त्या आकड्यावर निवांत झोपल्या असतील, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ करत होते.

आवाज का येत नव्हता ते डॉक्टरांनी नंतर चित्र काढून समजावलं. दहाव्या आठवड्यात गर्भ जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो. बाराव्या आठवड्याच्या सुमाराला गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या वर डोकावतं. त्याआधी ते हाडाआड असतं आणि या लाटा हाड ओलांडून जात नाहीत. गर्भाशय मागे झुकलेलं असेल तर आणखी उशीर. म्हणजे ज्या आठवड्यांत जीव सगळ्यात टांगणीला लागलेला असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत यंत्र गप्प असतं. डॉक्टरांकडच्या प्रोबनेसुद्धा दहाव्या-बाराव्या आठवड्याआधी भरवसा देता येत नाही. खोक्यावर मात्र नवव्या आठवड्यापासून असं छापलेलं होतं.

अकराव्या आठवड्यात एका रात्री मला डाग दिसला. नवरा म्हणाला, आधी ऐकून बघू या, उगीच रात्री धावपळ नको. घाबरून गेला होता बिचारा. सासूबाई काही न बोलता साडी बदलायला गेल्या. मी यंत्राला हात लावला नाही. आवाज आला असता तरी रक्त कुठून आलं हे त्यातून कळणार नव्हतं, आणि आला नसता तर त्यातूनही काही कळणार नव्हतं. दोन्हीकडून जायचंच होतं. आम्ही निघालो. सोनोग्राफीत गर्भाच्या पिशवीशेजारी थोडं रक्त साकळलेलं दिसलं, सुरुवातीच्या महिन्यांत हे पुष्कळ जणींना होतं. हृदय चालू होतं. डॉक्टर आमच्या तेलुगू, बोलणं हैदराबादी हिंदीत. पर्समधलं यंत्र मी त्यांच्यासमोर ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीन में सुनाई दिया तो भी आना, नहीं सुनाई दिया तो भी आना. खून दिखा तो सीधा आना."

बारा आठवडे झाल्यावर, एका दुपारी, आवाज आला. माझ्या नाडीपेक्षा दुपटीने भरभर, बारीक आणि न थांबणारा. मी सासूबाईंना हाक मारली आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. लहानपणी नामपल्ली स्टेशनवरून घरी आणणारा झटक्याचा, म्हणजे टांग्याचा, घोडा असाच पळायचा, असं त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्यांनी हेडफोन काढला नाही. त्यांच्या बाळंतपणांच्या वेळी सुलतान बाजारच्या प्रसूती रुग्णालयात नर्स पोटाला नळकांडं लावून कान द्यायची. फ्रान्सच्या पिनार या डॉक्टरांनी १८९५ साली ते आणलं. त्यातून विसाव्या आठवड्याच्या आगेमागेच ऐकू येतं, आणि ऐकते ती नर्स. पोटातल्या बाळाचा हा आवाज या बाईने तीन मुलांनंतर, नातवंडाच्या वेळी पहिल्यांदा ऐकला. या यंत्राची किंमत तिथेच वसूल झाली, असं मी आजही म्हणते.

पण यंत्र घरी ठेवून त्यावर निर्णय घेण्याच्या मी विरोधात आहे. २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका बाईची हकीकत छापून आली. दिवस भरत आले होते, बाळाची हालचाल कमी झाल्याचं तिला जाणवलं होतं. घरच्या डॉप्लरवर ठोका ऐकू आला म्हणून ती थांबली. रुग्णालयात पोचली तेव्हा उशीर झाला होता. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ साली लोकांना बजावलं की ही यंत्रं चिठ्ठीशिवाय घरी वापरण्यासाठी नाहीत. ठोका आता चालू आहे, एवढंच यंत्र सांगतं. बाळ थकत चाललंय का, हे त्यातून घरच्या माणसाला कळत नाही.

एकाच खुणेवर विसंबण्याची एक जुनी गोष्ट आमच्या भागातलीच आहे. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर अफजलगंजचं रुग्णालय होतं. १९०८ साली मुसी नदीच्या महापुरात ते गेलं, त्याची जागा पुढे उस्मानिया रुग्णालयाने घेतली. १८८८ आणि १८८९ साली त्या जुन्या रुग्णालयात निजाम सरकारच्या खर्चाने क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधावर दोन आयोग बसले. या आयोगांमागच्या डॉ. एडवर्ड लॉरी यांचा ठाम निष्कर्ष होता की भूल देताना श्वासावर लक्ष ठेवावं, नाडीकडे बघायची गरज नाही. श्वास नीट असताना हृदय एकाएकी थांबू शकतं, हे १९११ च्या सुमाराला लेव्ही या संशोधकांनी दाखवून दिलं. लॉरी हुशार आणि प्रामाणिक होते. एकाच खुणेवर त्यांचा फार विश्वास होता. त्या रस्त्याने जाताना मला आता हे आठवतं.

यंत्र विकलं जातं ते दोन तपासण्यांमधल्या रिकाम्या दिवसांमुळे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली गर्भारपणात निदान आठ भेटी सुचवल्या. त्यातली पहिली बाराव्या आठवड्यापर्यंत, दुसरी विसाव्याला. मधे आठ आठवडे. त्याच वर्षी आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेची प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व तपासणी सुरू झाली, ती चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांसाठी. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, पण आधी गर्भ गमावलेल्या बाईचे पहिले तीन महिने त्यांत बसत नाहीत. वरून घरात कुणाला सांगायचं नाही. मग ती रात्री यंत्र घेऊन बसणार, दुसरं काय करील? इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या गर्भारपणासाठी रुग्णालयांत वेगळे कक्ष आहेत, आणि ही सेवा आठवड्याचे सातही दिवस मिळावी असं तिथलं अधिकृत मार्गदर्शन सांगतं.

सातव्या महिन्यात मी हे सगळं डॉक्टरांसमोर मांडलं. तोवर बाळाच्या हालचाली मीच जाणत होते, यंत्र कपाटात गेलं होतं. मी म्हटलं, तुमच्या नर्सचा आठवड्यातला एक तास द्या. ज्यांचं आधी एकदा गेलंय त्यांनी त्या वेळेला यावं, विचारायचं ते विचारावं, बारा आठवडे झाले असतील तर ऐकावं, शंका असेल तर नर्सने लगेच तुमच्याकडे पाठवावं. त्यांनी शनिवार संध्याकाळ ठरवून दिली, फी नाही. नर्स नलगोंड्याकडची आहे, सगळ्या तिला अक्का म्हणतात. प्रोब लावताना ती आधी बाईचं मनगट धरते.

२०१८ पासून हैदराबादेत वस्ती दवाखाने सुरू झाले. तिथे हे व्हायला काही अडचण असेल असं मला वाटत नाही. एक नर्स, एक डॉप्लर, ठरलेला एक तास आणि पुढे पाठवायला एक डॉक्टर.

माझी मुलगी आता बालवाडीत जाते. गॅलरीतल्या मारवाडी बिऱ्हाडातली धाकटी सून मध्यंतरी यंत्र मागायला आली. तिचंही मागच्या वर्षी गेलं होतं, आणि आम्हाला ते तिने त्याच वेळी पहिल्यांदा सांगितलं. सासूबाईंनी तिला बसवून घेतलं, तिच्यासाठी चहा ठेवला. मी म्हटलं, यंत्र देते, पण आधी शनिवारी माझ्याबरोबर चल. तिला तेव्हा दहावा आठवडा लागला होता. नर्स अक्काने तिला सांगितलं की अजून दोन आठवडे काही ऐकू येणार नाही, तोवर नुसती येऊन बसलीस तरी चालेल. ती येते, आणि या शनिवारी तिने सासूलाही बरोबर आणलं.