काचेच्या पेटीतील समुद्राचा जमाखर्च

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीची हौस आता किनाऱ्यावरील शहरांपुरती राहिलेली नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आमच्या इंदूरच्या घरीही दोनशे लिटरांचा एक लहानसा समुद्र नांदतो आहे. वाचकहो, आपण ही हौस केली असेल, तर पहिल्या काही महिन्यांचा आनंद ओसरल्यावर काचेवर चढणारी हिरवी साय आणि खडकांवर वाढणारे केसाळ शेवाळ आपल्या परिचयाचे असेल. ते खरवडावे, आठ दिवसांनी पुन्हा उगवलेले पाहावे आणि अखेर दिव्याच्या उजेडाला दोष द्यावा, असाच बहुधा क्रम असतो.

उजेडाचा वाटा आहे खरा. परंतु शेवाळ जगते ते अन्नावर. आपण माशांना घातलेले खाद्य, पचलेले असो वा न पचलेले, शेवटी अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते. खडकांवर व वाळूत राहणारे जीवाणू या विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करतात. सन १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने असे जीवाणू वेगळे करून दाखविले. नायट्रेट माशांना तितकेसे घातक नसते. म्हणूनच ते नकळत साचत जाते. त्याच्या जोडीला खाद्यातील फॉस्फेट असले की शेवाळाला मेजवानीच होय.

साचण्याचा हिशेब सोपा आहे. समजा, लिटरमागे दर आठवड्यास ५ मिलिग्रॅम नायट्रेटची भर पडते आणि आपण दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलता. तर नायट्रेट चढत चढत ५० पर्यंत जाईल व तेथे थांबेल. कारण ५० चा दहावा हिस्सा ५ च होय. ते २५ वर आणावयाचे असेल, तर दुप्पट पाणी बदलावे लागेल किंवा खाद्य निम्मे करावे लागेल. दहावा हिस्सा पाणी म्हणजे आमच्या पेटीचे वीस लिटर. त्याला समुद्री क्षारांचे मिश्रण सुमारे ७०० ग्रॅम लागते. कोणता मार्ग स्वस्त, हे निराळे सांगावयास नको.

परंतु स्वस्त मार्ग नेहमीच सोपा नसतो. आमच्याकडे माशांना खाऊ घालण्याचे काम वडिलांचे. आई गेल्यापासून दुपारचा त्यांचा सारा वेळ पेटीसमोर जाई. विदूषक माशांची जोडी त्यांची चाहूल लागताच काचेशी येई, आणि तिला रिकाम्या तोंडी परत पाठविणे त्यांना साधत नसे. ‘दादा, खाद्य कमी करा,’ असे म्हणणे म्हणजे त्यांच्या विरंगुळ्यावर घाला घालणे. तथापि दादांनी उभा जन्म कापडगिरणीच्या हिशेबखात्यात काढलेला. मी त्यांच्यापुढे नायट्रेटचे आकडे ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘जमा रोजची आणि खर्च आठवड्याचा! ही शिल्लक फुगणारच.’

त्या दिवसापासून रोज सकाळी ते दिवसाचे खाद्य एका लहान कुपीत मोजून घेतात. दिवसातून कितीही वेळा द्यावे. कुपी रिकामी झाली की संपले. पूर्वीच्या निम्म्या खाद्यावरही मासे सुदृढ राहिले. चार महिन्यांत नायट्रेट ५० वरून ३० च्या आसपास आले.

उरलेला खर्च वाढविण्यासाठी शेवाळालाच कामास लावता येते. पेटीखालच्या दुसऱ्या टाकीत आम्ही कीटोमॉर्फा नावाचे तंतुमय शैवाल ठेवले असून त्यावर रात्री दिवा लावतो. ते नायट्रेट शोषून वाढते. वाढलेला गुंता दर पंधरवड्यास उपटून टाकला की तितका नायट्रोजन पेटीबाहेर जातो. न उपटल्यास मात्र काहीच साधत नाही. सच्छिद्र खडकांच्या आत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथील जीवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात. मात्र त्यासाठी समुद्रातील प्रवाळ आणू नये. भारतात २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कोरडे सच्छिद्र दगड हे काम करतात, फक्त त्यांना काही महिने द्यावे लागतात.

पाण्याविषयीही एक सूचना. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट आपल्याकडे ग्राह्य मानले जाते. असे पाणी आपणांस चालेल. पेटीला मात्र ते उसने आणलेले कर्जच होय. आटलेल्या पाण्याची भर बिनक्षाराच्या शुद्ध पाण्याने घालावी, कारण वाफ होऊन पाणी तेवढे जाते. क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात.

नायट्रेट शून्यावर नेण्याचा हट्टही धरू नये. अगदी निःसत्त्व पाण्यात दुसरेच उपद्रवी सूक्ष्मजीव माजतात. केवळ मासे असलेल्या पेटीत १० ते २० मिलिग्रॅम असले तरी समाधान मानावे, आणि आकडा हळूहळू उतरू द्यावा.

काच खरवडण्यापूर्वी एक वही करा. रोजचे खाद्य, बदललेले पाणी, आठवड्याचे नायट्रेट, एवढ्या तीन रकान्यांत शेवाळाचे मूळ सापडते. मुक्या जीवांना आपण समुद्रापासून दूर ठेवले आहे. त्यांच्या पाण्याचा हिशेब ठेवणे ही निदान आपली जबाबदारी आहे. वही वृद्धांच्या हाती द्या, रकाने मुलांना भरू द्या. घरातील कोणाचे प्रेम कमी न करता खाद्य तेवढे कमी करता येते, असा आमचा अनुभव आहे.