एकवीस दारं

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात एल्मायरा नावाचं छोटं गाव आहे. १९७४च्या मे महिन्यात एका रात्री दारू प्यायलेली दोन पोरं, एक १८ वर्षांचं आणि एक १९चं, त्या गावात हिंडली. गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या, हाताला लागेल ते मोडलं. एकूण २२ ठिकाणी नुकसान झालं. कुणाशी वैर नव्हतं. मला वाटतं, म्हणूनच गाव अधिक धास्तावलं असेल.

पोरांनी गुन्हा कबूल केला. तेव्हा त्यांच्या प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायालयाला सुचवलं की, यांना ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याकडेच पाठवून बघू. न्यायाधीश गॉर्डन मॅककॉनेल यांनी शिक्षा पुढे ढकलली आणि ती दोघं घरोघर निघाली. नुकसान झालेल्यांपैकी एक जण गाव सोडून गेला होता, उरली २१ दारं. अधिकारी आणि त्याचा सहकारी मागे उभे. कडी वाजवायची पोरांनी, बोलायचंही पोरांनीच. काही महिन्यांत ठरलेली भरपाई त्यांनी चुकती केली. त्या दोघांतला एक जण पुढे कितीतरी वर्षांनी स्वतःच अशा भेटी घडवणाऱ्या कामात सामील झाला.

कडी वाजवल्यावर आतून पावलं ऐकू येतात आणि दार अजून उघडलेलं नसतं, त्या क्षणापाशी माझं मन पुन्हा पुन्हा अडतं. न्यायालयात हा क्षण कधी येतच नाही. तिथे आरोपीच्या वतीने वकील बोलतो. ज्याचं नुकसान झालं तो साक्षीदार होऊन जातो. दोघंही न्यायासनाकडे बघतात, एकमेकांकडे नाही. कुठलं कलम लागलं हे विचारलं जातं. त्या रात्रीपासून तुम्हाला झोप लागते का, हे कुणी विचारत नाही. अशा भेटींना लोक ‘सौम्य शिक्षा’ म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. वकिलामागे गप्प उभं राहणं त्या दारापुढे उभं राहण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

न्यूझीलंडने १९८९ साली समोरासमोर बसवण्याचा हा विचार कायद्यातच आणला. तिथल्या मूळच्या माओरी समाजाचा आग्रह त्यामागे होता. गुन्हा केलेल्या पोराचे आईबाप, आजी, मामा, पोलीस आणि इच्छा असेल तर ज्याला इजा झाली ती व्यक्ती, असे सगळे एकत्र बसतात. मग बाहेरचे लोक उठून जातात आणि घरच्यांनी आपापसात ठरवायचं की हे निस्तरायचं कसं. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. मात्र आपल्या गावाकडची ‘मिटवून टाका’वाली बैठक ती ही नव्हे. गावच्या बैठकीत दुबळ्याच्या गळ्यात समेट बांधला जातो. दुखावलेल्या माणसाला ‘मी येणार नाही’ म्हणता येत नसेल, तर त्या भेटीत न्याय कुठला?

आपल्या २०१५च्या बाल न्याय अधिनियमातही मुलांना न्यायालयीन कारवाईपासून शक्य तिथे दूर ठेवावं, हे तत्त्व लिहिलेलं आहे. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजकार्यकर्ते बसतात. समुपदेशन आहे, समाजसेवेचा आदेश आहे. तरी १९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध आला. सारं शहर संतापलं, मीही संतापलो. मला सलतं ते हे की, तो निबंध कुणासाठी होता? गेलेल्यांच्या आईवडिलांसाठी तर नव्हताच. मृत्यूची भरपाई नसते. त्या आईवडिलांना त्या मुलाचं तोंडही बघायचं नसेल आणि तो त्यांचा हक्क आहे. पण तुम्हाला त्याला काही विचारायचं आहे का, काही सांगायचं आहे का, हे त्यांना कुणीतरी आधी विचारायला हवं होतं.

आपल्याकडे मंडळापुढे आलेल्या मुलाच्या घरी जाऊन परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी सामाजिक तपासणी अहवाल तयार करतात. ज्या घरावर घाला पडला, तिथेही त्यांनी जावं, बसावं, ऐकून घ्यावं. त्यासाठी नव्या कायद्याची वाट बघावी लागेल, असं मला वाटत नाही.