रजामंदी कोणत्या भाषेत?

उर्दू माध्यमाच्या मुलांना 'परवानगी' हा मराठी शब्द समजावावा लागत नाही. तो फारसीतूनच आलेला, त्यांच्या ओळखीचा. 'संमती' मात्र समजावावा लागतो. मी सांगते, संमती म्हणजे रजामंदी, आणि उदाहरण निकाहचे देते. वकील आणि दोन गवाह मुलीकडे जातात, मुलाचे नाव सांगतात, मेहरची रक्कम सांगतात आणि मगच तिला विचारतात. आधी माहिती, नंतर प्रश्न. काहीच न सांगता 'हो' म्हणवून घेतले, तर ती रजामंदी कसली?

हीच कसोटी कागदावरच्या आणि मोबाईलवरच्या संमतीला लावून पाहा. शाळेत ऑनलाइन नोंदणीचे काम निघाले की आया येतात. मुलाचा आधार क्रमांक, जन्मतारीख, फोटो, बँक खाते, धर्म, सगळे देऊन टाकतात. 'बाजी, सही कुठे करायची?' एवढाच त्यांचा प्रश्न असतो. माहिती कुठे जाणार, कोण पाहणार, हे कोणी विचारत नाही. शिष्यवृत्ती अडेल, नाव कटेल, ही धास्ती मोठी असते.

या बाबतीत आपल्याकडे कायदा आहे, पण तो सावकाश आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मूळ याचिका निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टास्वामी यांची, आधारच्या विरोधातली, २०१२ सालची. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला. त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची. याउलट क्रिप्टोचे पाहा. २०२२ च्या अर्थसंकल्पात त्याला 'आभासी डिजिटल मालमत्ता' असे नाव मिळाले आणि त्यावरच्या नफ्यावर ३० टक्के कर त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागूही झाला. तिजोरीत पैसा यायचा असला की कायद्याला पाय फुटतात.

तरीही या कायद्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. संमती मागणाऱ्याने कोणती माहिती, कशासाठी हवी, हे आधी सांगायचे आहे. तेही इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायचा आहे. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी आहे, उर्दूही आहे. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आई-वडिलांची पडताळून घेतलेली संमती लागते. दिलेली संमती मागे घेता येते आणि ते काम संमती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असेही कायदा म्हणतो.

पण कायद्याला मोठ्या फटी आहेत. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना यातून वगळू शकते. ज्या समाजाकडे आधीच संशयाने पाहिले जाते, त्याने ही सूट हलक्यात घेऊ नये. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्याखाली भरपाई नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचे ४३-अ हे कलम होते, तेही या कायद्याने वगळायचे ठरवले आहे.

तिसरी फट बायकांनी नीट समजून घ्यावी. आपण स्वतः सर्वांसाठी खुली ठेवलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या अ‍ॅपवर मुस्लिम बायकांचे फोटो 'लिलावा'ला मांडले गेले. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. फोटो सोशल मीडियावरून उचललेले होते. असे करणाऱ्यांवर फौजदारी गुन्हे दाखल होतात, मुंबई पोलिसांनी 'बुल्ली बाई' प्रकरणात अटकाही केल्या. पण फोटो उघडा होता म्हणून डेटा संरक्षणाचा कायदा तिथे बाजूला उभा राहतो. आता तर एआयच्या साधनांनी एका साध्या फोटोवरून खोटे चित्र, खोटी चित्रफीत बनते.

म्हणून काही बायका फोटो काढूनच टाकतात, नाव बदलतात, गप्प होतात. हा उपाय मला पटत नाही. चोरी झाली म्हणून घर सोडून जायचे का? कुलूप लावावे, तक्रार करावी, आणि कुलूप कमकुवत असेल तर ते बदलून मागावे. आपल्या आमदार-खासदारांना रस्ता, नाला, कब्रस्तानाची भिंत याबद्दल आपण विचारतो. आपल्या माहितीबद्दल अजून विचारत नाही.

शिकलेल्यांना एक काम आजच करता येईल. मोहल्ल्यातल्या ज्या खाला, ज्या चाची सही करण्यापूर्वी कागद पुढे करतात, त्यांना तो वाचून दाखवावा. काय घेतले जाते, कशासाठी, आणि पुढे नको वाटले तर कुठे सांगायचे, ही तीन उत्तरे त्यात शोधावीत. ती सापडली नाहीत तर कागद देणाऱ्याला विचारावे, आणि उत्तर उर्दूत किंवा मराठीत मागायला संकोच करू नये.