फी भरून ओढणी उडवली

उदयपूरच्या वेडिंग फोटोग्राफी वर्कशॉपला जाऊन काय शिकलीस, असं कोणी विचारलं की मी सांगते, ओढणी उडवायला शिकले. लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

मी सांगलीत लग्नांचे फोटो काढते. आधी बाबांचा स्टुडिओ, मग हाताखाली काम, मग स्वतःचं कँडिड. या धंद्यातल्या बहुतेकांची गोष्ट अशीच असते. 2017 च्या डिसेंबरात विराट-अनुष्काचं इटलीत लग्न झालं आणि आमच्याकडच्या मुलीही फिकट गुलाबी लेहंगा आणि 'तसेच फोटो' मागायला लागल्या. पोर्टफोलिओत एखादा महाल, एखादा तलाव नसेल तर बोलणी पैशांपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून गेले. फी, वांद्र्याहून उदयपूरची रेल्वे आणि हॉटेल धरून एका लग्नाची अख्खी कमाई गेली.

तिथे लग्न नसतंच. नवरा-नवरी मॉडेल, दागिने भाड्याचे, आणि भोवती आम्ही कॅमेरे घेऊन उभे. शिकवणाऱ्या सरांना प्रकाश मात्र कळत होता, ते नाकारून चालणार नाही. एका हवेलीतल्या खोलीत त्यांनी सगळे दिवे बंद करायला लावले, एकच खिडकी उघडी ठेवली आणि मॉडेलला खिडकीपासून एकेक पाऊल मागे नेलं. आम्हाला सांगितलं, कॅमेरे खाली ठेवा, नुसतं बघा. नाकाची सावली गालावर सरकत गेली, डोळ्यातला उजेडाचा ठिपका बारीक होत होत विझला. एवढ्यावर ते थांबले असते तरी माझे पैसे वसूल झाले असते.

संध्याकाळी अंबराई घाट. हा घाट पिछोला तलावाच्या पश्चिम काठावर आहे आणि समोर पाण्यापलीकडे सिटी पॅलेस. मावळतीचं ऊन आपल्या पाठीमागून जाऊन थेट पॅलेसच्या भिंतीवर पडतं आणि भिंत मधासारखी पिवळी होते. हा उजेड फार टिकत नाही. त्यात पर्यटकांची गर्दी. जोडप्याला पायरीवर उभं केलं आणि सर म्हणाले, ओढणी हवेत पाहिजे. कोण उडवणार? मागून एकजण म्हणाला, "मॅडम कर देंगी ना, उनको अच्छा आता होगा." अच्छा कशावरून? मी घरी ड्रेसवर ओढणी घेते म्हणून? पण गर्दीत वाद घालायला वेळ नव्हता. दोन मिनिटांचं काम म्हणून मी टोक हातात घेतलं.

ते काम सोपं नाही. जाळीची ओढणी, काठाला जड गोटा. नुसती फेकली तर दगडासारखी खाली येते. वारा कुठून येतोय ते बघायचं, टोक वर न्यायचं, केसातल्या पिनेला ओढ बसू न देता सोडायचं आणि वाकून बाजूला पळायचं, नाहीतर फ्रेममध्ये आपलंच डोकं. एकाचा फोटो झाला की दुसरा पुढे. "और ऊपर, मॅडम." "एक बार और, मॅडम." गळ्यातला कॅमेरा आपटायला लागला, तो मी पायरीवर काढून ठेवला. माझ्या हातून कॅमेरा गेला तो असा. कोणाला शटर हजारच्या वर ठेवायचं सुचलं नव्हतं, त्यांचं कापड हललेलं यायचं आणि पुन्हा उडवायला मलाच सांगायचे. शेवटी माझा नंबर आला तेव्हा भिंत राखाडी झाली होती. सर म्हणाले, "आपका कल सुबह कर लेंगे." सकाळी! सकाळी सूर्य पॅलेसच्या मागून उगवतो, समोरची भिंत अंधारात असते. ज्याने आम्हाला दिवसभर प्रकाश शिकवला, त्या माणसाने हे सांगावं.

छायाचित्रकार होमाई व्यारावालांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. निदान ते फोटो त्यांनी काढलेले तरी होते.

पुढे काय झालं ते सांगायला नको. तीच नवरी, तीच ओढणी, तीच भिंत सगळ्यांच्या इन्स्टाग्रामवर लागली, खाली 'डेस्टिनेशन वेडिंग, उदयपूर'. जणू सगळ्यांना एकाच घरच्या लग्नाची ऑर्डर होती. तिथे अंतरपाट नव्हता, अक्षता नव्हत्या, मोबाईल वर धरून आडवे येणारे काका नव्हते. खरी परीक्षा तिथेच असते. 'सावधान' झालं की अंतरपाट क्षणात बाजूला होतो आणि नवरीचा चेहरा दुसऱ्यांदा तसा होत नाही. महालापुढची नवरी बघून फोटोग्राफर ठरवणाऱ्यांनी एका लग्नाचे सकाळपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो मागावेत. आणि वर्कशॉपला जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी एका जोडप्यामागे किती जण, मदतनीस कोण आणतं, हे विचारून घ्यावं. विशेषतः बायकांनी.

एवढा राग असूनही मिरजेच्या एका मुलीने त्याच घाटावरचा कोणाचा तरी फोटो मोबाईलवर दाखवून "ताई, असा जमेल?" विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून "जमेल की" निघून गेलं. ती ओढणी मी उडवलीय हे मी बोलले नाही; बोलले असते तर तिच्या आईने मदतनिसाचा दर लावला असता. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या घाटावर तिचा शेला आम्ही उडवला. वाऱ्याचा अंदाज पहिल्याच फेकीला बरोबर आला. त्या एका फोटोवर मला पुढची तीन लग्नं मिळाली, आणि बाबा आता येईल त्याला सांगतात की पोरीने उदयपूरला ट्रेनिंग घेतलंय. मी त्यांना अडवत नाही.