एका अक्षराची चूक

मराठीच्या प्राध्यापकाच्या वाट्याला दिवाळीत फराळाबरोबर आणखी एक गोष्ट हमखास येते : विद्यार्थ्यांच्या निबंधांचा गठ्ठा! 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे बापुडा, हे लाल पेन्सिलीने सांगता सांगता मला दोन्ही अर्थांनी चाळिशी लागली. एका वेलांटीने केवढा अनर्थ होतो, हे मी वर्गात तावातावाने सांगतो. पण ते मला खरोखर कळले, दादाच्या मेंदूतली गाठ काढली तेव्हा.

तपासणीच्या अहवालात 'आयडीएच-१ म्युटेटेड' असे शब्द होते. म्युटेटेड म्हणजे काहीतरी बिघडलेले, एवढे मलाही कळते. माझे पायच लटपटले. डॉक्टर मात्र म्हणाले, "वाईटातली ही चांगली बातमी."

बिघाड आणि चांगली बातमी? हे कोडे दिवाळीत दादाच्या मुलीने सोडवले. ती जीवशास्त्रात संशोधन करते. गठ्ठा बाजूला सारून ती माझ्यासमोर बसली.

"काका, तुमच्याच भाषेत सांगते. पेशीच्या स्वयंपाकघरात आयडीएच-१ नावाचे एन्झाइम असते. ४१४ अक्षरांचा एक शब्दच समजा. बाबांच्या गाठीत त्यातले १३२ वे अक्षर बदलले आहे. आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन. मेंदूच्या गाठींतली ही चूक २००८ साली सापडली, आणि २००९ साली तिचा परिणाम कळला. हा बिघडलेला आचारी भलताच पदार्थ रांधत बसतो. त्याचे नाव टू-हायड्रॉक्सीग्लुटारेट."

"स्वयंपाक बिघडला तर पेशी उपाशी राहील. डीएनएचा त्यात काय संबंध?"

"तीच तर गंमत! डीएनएचा धागा रोज कुठे ना कुठे तुटतो. तुटल्या जागी खूण होते आणि ती पाहून दुरुस्तीची मंडळी धावून येतात." एवढे बोलून तिने माझी लाल पेन्सिल उचलली आणि मी हां हां म्हणेपर्यंत वरच्या निबंधातली ओळ न् ओळ अधोरेखित केली. "आता सांगा, यातली खरी चूक कोणती?"

मी पाहतच राहिलो.

"नको असलेल्या खुणा पुसणारी एन्झाइम्स असतात. हा भलता पदार्थ त्यांचे काम अडवतो. मग जिकडे तिकडे खुणाच खुणा, आणि दुरुस्तीवाले गोंधळतात. अशा पेशींत दुरुस्ती अडते, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले, आणि त्यामागचे हे कारण २०२० मध्ये."

"मग हे चांगले कसे?"

"जी चूक गाठीला वाढवते, तीच तिला दुबळीही करते. किरणोपचार म्हणजे हे धागे तोडणेच. निरोगी पेशी ते बऱ्यापैकी सांधतात, हिला ते नीट साधत नाही. दुरुस्तीची दुसरी वाटही अडवणारी ओलापरिबसारखी औषधे अशा गाठींवर तपासून पाहिली जात आहेत. ही चूक नसलेल्या तशाच गाठींपेक्षा या रुग्णांना सरासरीने बरीच जास्त वर्षे मिळतात."

"म्हणजे दादा पुरता बरा होणार?"

इतका वेळ मास्तरणीसारखी बोलणारी पोर एकदम गप्प झाली. पेन्सिलीचे टोक न्याहाळत म्हणाली, "वर्षे मिळतात, काका."

दादा झोपाळ्यावर बसून सारे ऐकत होता, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात नव्हते. तो उठून आला, चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि तो लालेलाल निबंध त्याने डोळ्यांजवळ धरला. पहिलीच ओळ होती : 'दिवाळीचे चार दीन आनंदाचे असतात.'

मी सवयीने पेन्सिलीकडे हात नेला. दादाने तो धरला.

"वेलांटी राहू दे रे," तो हसून म्हणाला. "चार आहेत ना? ते मोज."