मधला ठोकळा

सेमी-हॉलो गिटारच्या एफ आकाराच्या छिद्रांतून आत टॉर्च मारली की दोन्ही कडांना पोकळी दिसते आणि मधोमध, मानेच्या सांध्यापासून तळापर्यंत गेलेला लाकडाचा भरीव ठोकळा. बाहेरून ही गिटार पूर्ण पोकळच वाटते. मला या वाद्याची जी ओढ आहे ती बरीचशी या न दिसणाऱ्या ठोकळ्यामुळे. एका खऱ्या अडचणीवर शोधलेला तो उपाय आहे, आणि माझ्यासारख्या पगारावर जगणाऱ्या बाईला परवडणाऱ्या गिटारमध्येही तो असतो.

अडचण अशी होती. मिरजेच्या तंबोऱ्यात भोपळा जे काम करतो तेच जुन्या जॅझ गिटारची पोकळ पेटी करायची: तारेचा बारीक आवाज मोठा करायची. १९३०च्या दशकात या गिटारवर पिकअप आले आणि बँडच्या गदारोळातही गिटार ऐकू येऊ लागली. पण आवाज चढवला की अ‍ॅम्पमधून निघालेला सूर पुन्हा त्याच पेटीत शिरायचा. वरची पाटी थरथरायची, तारा आणखी हलायच्या, पिकअप तेही उचलायचा, आणि शेवटी मंचावर नुसती किंकाळी उरायची.

१९४०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये लेस पॉल या तरुण वादकाने चार बाय चार इंचांचा पाइनचा वासा घेतला आणि त्याला मान, तारा, पिकअप जोडले. किंकाळी थांबली, सूरही लांब टिकू लागला. पण हातात वासा घेतलेला माणूस लोकांच्या पचनी पडेना. मग त्याने एक पोकळ गिटार उभी कापली आणि तिच्या दोन बाजू वाशाला दोन्हीकडून जोडल्या. हे सगळं केलं ते एपिफोन या गिटार कंपनीच्या कारखान्यात, रविवारी, काम बंद असताना. गिब्सन कंपनीने तेव्हा या ‘लॉग’मध्ये, म्हणजे ओंडक्यात, रस दाखवला नाही. मात्र १९५८ साली, टेड मॅकार्टी अध्यक्ष असताना, त्याच गिब्सनने ईएस-३३५ बाजारात आणली: जेमतेम पावणेदोन इंच जाडीची पेटी, मधे मेपलचा ठोकळा, आणि सपाट ठोकळा व कमानदार पाट्या यांच्यातली फट भरायला स्प्रूसचे कापलेले तुकडे. मला हे स्प्रूसचे तुकडे फार आवडतात. कुणाला कधीच दिसणार नाहीत अशा जागी कारागिराने केलेलं काम आहे ते.

त्याआधी वर्षभर, १९५७ मध्ये, गिब्सनच्या मालक कंपनीने एपिफोनच विकत घेतली होती. पुढे एपिफोनच्या गिटार जपानमध्ये, मग कोरियात, मग चीनमध्ये बनू लागल्या आणि त्यांची ‘डॉट’ ही साध्या माणसाची ३३५ झाली. ज्या नावाच्या कारखान्यात कल्पना उभी राहिली, तेच नाव ती कल्पना आमच्यासारख्यांच्या हातात देतं, याचं मला मनापासून समाधान वाटतं. जपानच्या आयबानेझची ‘आर्टकोअर’ मालिकाही २००२ पासून हेच करते आहे. माझी गिटार याच कुळातली.

दुकानात कुणी आवाज खाली आणून “मॅडम, ही प्लायची आहे हं” असं सांगतं तेव्हा मला ते खटकतं. मूळ ३३५ सुद्धा प्लायचीच होती! मेपल, पॉप्लर, मेपल असे थर साच्यात दाबून तिच्या पाट्या बनत. असं लाकूड सहज तडकत नाही, आणि मुख्य म्हणजे लगेच थरथरत नाही, त्यामुळे किंकाळीही कमी होते. व्हायोलिनसारखी कोरलेली अखंड पाटी या वाद्याला मुळात हवीच नव्हती. म्हणून किंमत उतरवताना इथे वाद्याचं मर्म कापावं लागत नाही.

कापला जातो तो माणसाचा वेळ. फ्रेटची टोकं घासायला, नटच्या खाचा नेमक्या खोल करायला हात लागतो आणि हाताला पैसे लागतात. त्यामुळे स्वस्त गिटार घेतली की चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घ्यायलाच हवा; हा खर्च मी गिटारच्या किमतीतच धरते. तंबोऱ्यात जी जवारी मुद्दाम काढतात ती इथे फ्रेटवर नको असते. त्यात पुण्याची हवा. उन्हाळ्यात मानेचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचतात. पावसाळ्यात मान वाकते, मग ट्रस रॉड जरासा फिरवायचा. सगळ्यात अवघड काम म्हणजे खरखरणारा पॉट, म्हणजे आवाज किंवा टोन कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग, बदलणं. मागे झाकण नसतं, तेव्हा सगळी वायरिंग एफच्या छिद्रातून बाहेर काढावी लागते. आधी प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधायचा, म्हणजे परत आत घालताना दोरा ओढून तो आपल्या भोकात आणता येतो. पहिल्यांदा हे काम पाहिलं तेव्हा मी श्वास रोखून उभी होते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला या पोकळीचा आणखी एक फायदा आहे. रात्री घर झोपल्यावर अ‍ॅकूस्टिक गिटार वाजवता येत नाही, आणि भरीव इलेक्ट्रिक अ‍ॅम्पशिवाय अगदीच कोरडी वाटते. ही मात्र वाजवणाऱ्याला पुरेल एवढं बोलते. भिंतीपलीकडे काही जात नाही. बरगडीला टेकलेली पेटी थरथरते ते अंगालाही कळतं. माझा बहुतेक रियाज असाच, वायर न लावता झाला आहे.

अ‍ॅम्प लावला की मी मानेजवळचा पिकअप घेते, टोन थोडा खाली आणते आणि ब्लूज गायक-वादक बी. बी. किंग यांच्या वाटेने जायचा प्रयत्न करते. ते गाताना गिटार थांबत असे, आणि गाणं थांबलं की गिटार उत्तर देत असे. सारंगीची साथ ऐकत वाढलेल्या कानांना हा संवाद लगेच ओळखीचा वाटतो. किंकाळी आवरण्यासाठी ते गिटारच्या छिद्रांत कापड कोंबत. पुढे १९८० मध्ये गिब्सनने त्यांच्या ‘ल्यूसिल’ या गिटारचं मॉडेल काढलं ते छिद्रांशिवायच. त्यांचा प्रसिद्ध कंपही एका अडचणीतूनच आला. बुका व्हाइट हे नात्यातले वादक तारेवर स्लाइड फिरवून जो आवाज काढत, तो त्यांना स्लाइडने जमेना. म्हणून बोट तारेवर रोवून ते हात हलवू लागले.

तो कंप मी सध्या बसवते आहे. सूर लागतो, पण हलण्याची गती शेवटपर्यंत एकसारखी राहत नाही. माझ्या गिटारचे पिकअप बदलून महागडे घाल, असं सांगणारे मित्र आहेत आणि ते प्रेमानेच सांगतात. पण हा कंप हाताला येईपर्यंत तरी मला त्याची गरज वाटत नाही.